हॅनाज फेरीची हरवलेली नदी

ओहायोतलं एक अख्खं गाव मी एकदा सहा मिनिटांत एका अंगणात गोळा केलं होतं. माझा तसा काही विचार नव्हता. मला फक्त एक कुलूप उघडून हवं होतं.

झालं असं. माझ्या बाबांनी इस्लामपूरच्या हायस्कुलात पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर ते आमच्याकडं डब्लिनला आले. (आयर्लंडचं नव्हे, ओहायोचं. निघण्यापूर्वी त्यांनी सगळ्या आळीला नकाशा काढून हे समजावलं होतं.) इथल्या मॉलमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. म्हणून एका शनिवारी मी आणि माझी दहा वर्षांची सई त्यांना टेकड्या दाखवायला निघालो. दोन तास ड्राइव्ह केल्यावर मक्याच्या शेतांमध्ये एक पाटी आली : 'हॅनाज फेरी. लोकसंख्या ४१.'

"थांब!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की मी कचकन ब्रेक मारला.

"काय झालं?"

"फेरी म्हणजे होडीनं पलीकडं जायची जागा ना? मग नदी कुठाय?"

"बाबा, नुसतं नाव असेल."

"भूगोलात नुसतं नाव असं काही नसतं."

पुढं तर कहरच होता. मक्याच्या शेतात एक लोखंडी पूल उभा! खाली ना नदी, ना ओढा, ना साधं डबकं. नुसता मका.

"आजोबा, मेबी दे आर जस्ट वीअर्ड," सई म्हणाली.

"कितीही वेडा माणूस असला तरी मक्यावर पूल बांधत नाही. चौकशी केली पाहिजे!"

गाव म्हणजे एक चर्च, पंधरा-वीस घरं आणि जुन्या एकखोली शाळेत थाटलेलं म्युझियम. म्युझियमला कुलूप. दाराशेजारच्या खांबावर भली थोरली घंटा आणि खाली पाटी : 'मदत हवी असल्यास दोरी ओढा.' मला मदत हवीच होती. ओढली.

"जोरात ओढ," बाबा म्हणाले. "किल्लीवालं माणूस म्हातारं असणार. ऐकू जायचं नाही."

मी आणखी दहा-बारा हिसके दिले. शेवटच्या दोनला तर दोरीला लटकलेच!

आधी कुत्री भुंकली. मग सायरन वाजला. धुरळा उडवत लाल बंब आला, त्यामागं ट्रॅक्टर, त्यामागं दोन पिकअप, त्यामागं धापा टाकणारे चर्चचे पाद्री, आणि सगळ्यांत शेवटी केसांत रोलर अडकवलेल्या एक आजी, हातात पाण्यानं भरलेली बादली! बंबावरून एका दाढीवाल्यानं उडी मारली. त्याचं नाव वॉल्ट.

"मॅम, आग कुठं लागलीय?"

"आग नाही लागली."

"मग कुणी कोसळलंय का?"

"नाही. सगळे ठणठणीत आहेत."

"मग घंटा?"

पंधरा वर्षं मी क्लायंटपुढं प्रेझेंटेशन देतेय, पण त्या क्षणी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "माझ्या वडिलांना विचारायचंय... तुमची नदी कुठं गेली?"

वॉल्टनं हळूच हेल्मेट काढलं. मला वाटलं, आता पोलीस, मग व्हिसा कॅन्सल, मग थेट इस्लामपूर!

"नदी," वॉल्ट म्हणाला, "रेल्वेवाल्यांनी वळवली."

"काहीतरीच!" बादलीवाल्या आजी कडाडल्या. त्या डोरिस. "पुरानं नेली. माझे आजोबा सांगायचे."

"नदी होती तिथंच आहे. गाव सरकलं," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

झालं! भांडण जुनं असावं, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची वाक्यं पाठ होती. मला रागवायचं सगळेच विसरले. सईनं तेवढ्यात डोकी मोजली, "आई, थर्टी-नाइन! टू आर मिसिंग!"

"ते दोघं लग्नाला गेलेत," पाद्र्यांनी खुलासा केला.

किल्ली डोरिस आजींकडंच निघाली. पुरावा दाखवते म्हणून त्यांनी दार उघडलं, तर समोर शाळेचा जुना फळा! बाबांनी खडू उचलला, वळणावळणाची नदी काढली आणि मागं न बघता फर्मावलं, "सांग त्यांना. पुरात नदी वळण तोडून सरळ जाते. मागं उरतं ते नालाकृती सरोवर."

नालाकृती सरोवराला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला काही केल्या आठवेना.

"नववीत मी स्वतः शिकवलंय तुला!" बाबा गरजले. ओरडले मराठीत, पण भाषांतराची गरजच पडली नाही. अख्खं गाव माझ्याकडं कणवेनं बघू लागलं.

"घोड्याच्या नालेसारखं तळं," मी इंग्रजीत ठोकून दिलं.

"हॉर्सशू पाँड?" वॉल्ट दचकला. "ते माझ्या मक्यामागं आहे. लहानपणी तिथंच पोहायचो आम्ही."

मी हे सांगितल्यावर बाबांच्या हातातला खडू तसाच राहिला. "खरंच आहे?" त्यांनी एकदम बारीक आवाजात विचारलं. "बघायला मिळेल?"

बंबात पुढच्या सीटवर बसून ते तळ्यावर गेले. मागून गाव, गावामागून आम्ही. मक्यापलीकडं झाडीत वाकलेलं हिरवं पाणी शांत पडलं होतं. बाबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घोटाभर पाण्यात बराच वेळ नुसते उभे राहिले.

"पस्तीस वर्षं फळ्यावर काढलं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा बघतोय. मी जरा जास्तच गोल काढत होतो."

"म्हणजे पुरानंच नेली!" डोरिस आजींनी विजयी मुद्रेनं जाहीर केलं. वॉल्ट आपल्या बुटांकडं बघत राहिला.

दोन आठवड्यांनी आजींनी चर्चचं बातमीपत्र पोस्टानं पाठवलं. पहिल्या पानावर बंबात बसलेले बाबा आणि मथळा : 'भारतातल्या प्रोफेसरांनी आमची नदी शोधली.' अगदी शेवटी एका ओळीत मीही होते : 'प्रोफेसरांच्या ड्रायव्हरला भूगोल फारसा येत नाही, पण बाई मनानं चांगली वाटली.'