समीरचा सर्वज्ञ कंट्रोलर

सॉफ्टवेअरमधला बग दुरुस्त झाला की निदान यादीतून जातो. किस्सा जात नाही, तो साठतच राहतो. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात किस्स्यांचा ढीग झालाय आणि त्याचं बहुतेक श्रेय एकट्या समीरचं. समीर आमचा आर्किटेक्ट, म्हणजे कोडचा आराखडा ठरवणारा. पुण्याहून आला, पण बोलतो असं की जावास्क्रिप्टचं बारसं यानेच केलं!

आम्ही लग्नाचे हॉल बुक करायचं वेब अ‍ॅप बनवतो. स्क्रीनवर कुणी बटण दाबलं की पुढचं काम कुणी करायचं हे ठरवणारा कोड म्हणजे कंट्रोलर. शहाणी माणसं हॉलला एक, जेवणाला एक, भटजींना एक, असे वेगवेगळे कंट्रोलर लिहितात. समीरने सगळ्यांना मिळून एकच लिहिला. हजारो ओळींचा! कुणी काही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "कंट्रोलरला विचार. त्याला सगळं माहीत असतं."

*

सिंधू आमच्यातली सगळ्यात हुशार. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. ती एकदा म्हणाली, "सर, स्वल्प ऐका की. ह्याचे तुकडे करू या. एका स्क्रीनला एक कंट्रोलर."

समीर हसला. "अगं, घरात कर्ता एकच असतो."

"असतो की! पण तोच स्वैपाक करतो, तोच धुणं धुतो, तोच दारात पहारा देतो, असलं घर कुठं बघितलात?"

*

एकदा मला जेवणाच्या स्क्रीनवरच्या बटणाचा रंग बदलायला सांगितला. मी बदलला. भटजींची यादी गायब!

"कंट्रोलरमध्ये हात कशाला घातलास?" समीर ओरडला.

"रंग तूच तिथे ठेवलायस."

"मग रंग कशाला बदलायचा?"

या माणसाला आमच्यापेक्षा जास्त पगार आहे, हे आठवून मला आजही संताप येतो.

*

देवनहळ्ळीचे शिवण्णा हे आमच्या अ‍ॅपवरचे एक हॉलमालक. गेटवरच्या लाइटच्या पाटीवर वधूवरांची नावं अ‍ॅपमधून आपोआप यावीत, असं त्यांना हवं होतं. तो कोड कुठे गेला हे सांगायला नकोच. पहिल्याच दिवशी पाटीवर झळकलं, "बिसिबेळे भात वेड्स रायता"!

शिवण्णांचा फोन आला, "जोडी अच्छी है. मुहूर्त कब का है?"

*

मग सिंधूचं लग्न ठरलं. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे त्याच्या सुट्टीत बसणारा मुहूर्त एकच. समीरने मीटिंगमध्ये जाहीर केलं, "आपल्या मुलीचं लग्न आपल्याच अ‍ॅपवरून!" बिचारीने शिवण्णांचा हॉल बुक केला.

घरी तिची आई मेनू ठरवत बसली. जिलेबी नको म्हणून तिने "रद्द" दाबलं. समीरच्या कंट्रोलरमध्ये सगळ्या स्क्रीनना मिळून "रद्द" एकदाच लिहिलेलं. जिलेबी राहिली, हॉल गेला!

सिंधू रडवेली होऊन ऑफिसात आली. तोवर ती तारीख पुन्हा भरलेली. भरली कुणी? समीरने! सकाळी गुंतवणूकदारांना डेमो देताना त्याला तारीख मोकळी दिसली आणि त्याने ठोकून दिली. नावं भरल्याशिवाय बुकिंग पुढे जात नाही, म्हणून वर स्वतः आणि वधू तोंडाला आली ती, माधवी.

सिंधूच्या जिवात जीव आला. "सर, तुमचं रद्द करा. मी लगेच माझं करते."

समीरचा माउसवरचा हात थबकला. "रद्द नको. ते दाबलं की काय काय जाईल, सांगता येत नाही."

नाव बदलायचं तरी आधी रद्दच करावं लागे. शेवटी मी शिवण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "नाम किसी का भी हो, हॉल बच्ची का."

*

लग्नाला समीर बायकोला, ऋचाला, घेऊन आला. ती गेटशीच थांबली. वर लाइटच्या पाटीवर लखलखत होतं, "समीर वेड्स माधवी".

"समीर, माधवी कोण?"

"अगं, ते डेमोचं... ते फील्ड रिकामं ठेवता येत नाही..."

"मी विचारलं, माधवी कोण?"

तेवढ्यात नवऱ्यासोबत फोटो काढायला सिंधू गेटवर आली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, चेहऱ्यावर नुसता आनंद. ऋचाने तिलाच गाठलं, "तू याच्याच टीममध्ये ना? ही माधवी कोण गं?"

सिंधूने पाटीकडे पाहिलं, मग समीरकडे, आणि गोड हसली.

"मला काय ठाऊक, वहिनी? कंट्रोलरला विचारा. त्याला सगळं माहीत असतं!"