जिन्याखालचं पहिलं भोक

बाळू गेल्याची बातमी मला माझ्याच भाडेकरूने दिली. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर जिन्यात थांबला आणि म्हणाला, "काका, बाळूभाऊ गेले." भावकी आमची, भिंतीला भिंत आमची, आणि बातमी याला आधी! आधी रागच आला... मग पायरीवर बसलो.

आमच्या माण गावातली शेतं आयटी कंपन्यांत गेली, भाड्याच्या खोल्या आल्या. खोल्या भरायच्या तर नेट हवं. दोनच इमारतींसाठी वायर ओढायला कोणी तयार नव्हतं. मी चकरा मारल्या, भांडलो, दर निम्म्यावर आणला. बाळूने फक्त त्याच्या जिन्याखाली पेटी बसवली आणि तिथून दोन्ही इमारतींना वायरी सोडल्या. नाव मात्र पडलं 'बाळूचं नेट'.

कारण त्याला समजावता यायचं. जिन्याखाली माणसं जमायची, त्यात माझी बायकोही. तो म्हणायचा, "आपण म्हणतो आंब्याखालचं शेत. पण सातबाऱ्यावर गट नंबर असतो. तसा प्रत्येक यंत्राला नंबर, तो आयपी ॲड्रेस. नाव सांगितलं की नंबर काढून देणारा तलाठी, तो डीएनएस."

"ह्यो तलाठी जाग्यावर घावतो का?" बायकोने विचारलं.

"घावतो वहिनी, म्हणून तर नेट चालतं!"

रात्री जेवताना तिने मलाच शिकवलं. व्हिडिओ अख्खा येत नाही. पेंढ्याची गंजी मोडून पेंढ्या नेतात, तसे त्याचे नंबर घातलेले तुकडे होतात, ती पॅकेटं. ती वेगवेगळ्या वाटांनी येतात, हरवलेलं तेवढंच परत मागवलं जातं. वस्तीतल्या वस्तीत बरोबर दारात पोचवतो तो स्विच, वेशीबाहेरची वाट जाणतो तो राउटर. भाकरी माझ्या घरची, शब्द बाळूचे. मी त्याला कधीच काही विचारलं नाही.

एका दुपारी खोली बघायला आलेल्या माणसाने माझ्यासमोर विचारलं, "नेट कुणाचं?" माझाच भाडेकरू म्हणाला, "बाळूभाऊंचं." मी पक्कड आणली आणि त्याच्याकडून येणारी वायर सगळ्यांदेखत तोडली. बाळू गच्चीवरून बघत होता. म्हणाला, "दादा, राग निवला की हाक मारा. जोडून देतो."

मी दुसरं नेट घेतलं. चार वर्षं हाक मारली नाही.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोने बोलावलं. "दादा, नेट बंद हाय. भाडेकरू कुरकुरत्यात. तुमी बघता का?" पेटी उघडली. आत वायर जोडायची पक्कड आणि स्विच, त्याला वायरी खोचायची चोवीस भोकं, प्रत्येकाखाली चिकटपट्टी आणि बाळूच्या अक्षरात खोलीचा नंबर. तेवीस भरलेली. पहिलं रिकामं. त्याखाली लिहिलेलं, 'दादा'. बाकीच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, ही नवी होती.

"हे रिकामं का ठेवलं?"

"लई जणांनी मागितलं. हे म्हणायचे, ते दादाचं हाय. पट्टी निघाली की पुन्हा लावायचे."

आयुष्यभर मी घासाघीस केली, कोणाला माझ्या वर जाऊ दिलं नाही. हा मात्र न बोलता वर गेला... त्याचा मला अजून हेवा वाटतो. विजेची निघालेली पिन दाबली आणि नेट सुरू झालं. तेवीस दिवे लुकलुकायला लागले.

माझ्या भिंतीवर तुटलेल्या वायरीचं टोक अजून लोंबतंय. तोडायची पक्कड माझ्याकडे आहे. जोडायची त्याच्या पेटीत पडून आहे, आणि ती कशी धरायची हे मी त्याला विचारलं नव्हतं.