सतरा एप्रिलचं पत्र

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी, आणि पहिल्या मजल्यावर गुरुनाथ, त्याची बायको मृणालिनी आणि मुलगी वैदेही. मी डेल्फ्टच्या विद्यापीठात आधी शिकायला आले आणि नंतर तिथेच नोकरीला लागले. गुरुनाथ हेगमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटात स्वयंपाकी होता. मराठी मंडळाच्या गणपतीत जेवण तोच करायचा, आणि आम्ही शिकलीसवरलेली मंडळी मसालेभाताचं कौतुक करून ताट घेऊन पुढे सरकायचो. त्यापलीकडे त्याच्याशी फारसं कोणी बोलत नसे. मीही नाही.

तो बीड जिल्ह्यातला, पाटोद्याकडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची आणि घराला कुलूप लागायचं. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे आणि चैत्रात परत यायचं. तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असायचं. हजेरीपटावर नाव होतं, गुरुजी वरच्या वर्गात ढकलत गेले. चौथी 'पास' झाला तेव्हा गुरुनाथला स्वतःची सही आणि आकडे एवढंच येत होतं, आणि आकडेसुद्धा तो कारखान्याच्या वजनकाट्यावर शिकला होता. तेराव्या वर्षी तो पुण्यात एका हॉटेलात भांडी घासायला आला. तिथून शेगडीपाशी, मग तंदूरपाशी, आणि पुढे एका मालकाबरोबर थेट नेदरलँड्सला.

इथल्या मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थाला नंबर असतो. त्रेचाळीस म्हणजे पालक पनीर, सत्तावन्न म्हणजे मटण कोरमा. स्वयंपाकघरात येणाऱ्या चिठ्ठीवर नंबर असायचे, त्यामुळे पंधरा वर्षांत त्याला वाचता येत नाही हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही. लग्न ठरताना त्याने मृणालिनीला मात्र खरं सांगितलं होतं. ती बार्शीची, दहावी झालेली. इथे आल्यावर ती लायब्ररीतल्या वर्गाला जाऊन डच शिकली आणि घरातला सगळा कागद तिने आपल्याकडे घेतला. नगरपालिकेचं पत्र असो, डॉक्टरचं असो की शाळेचं, गुरुनाथ म्हणायचा, "चष्मा कामावर राहिला, आई बघेल." वैदेहीला वाटायचं, बाबा कंटाळा करतो.

हे सगळं मला नंतर कळलं. दोन हजार वीसच्या वसंतात मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वैदेही तेव्हा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. इथे बाराव्या वर्षीच मुलाची पुढची वाट ठरते. शिक्षक फेब्रुवारीत शिफारस देतात: हे मूल व्हीएमबीओला जाईल, म्हणजे चार वर्षांत एखाद्या व्यवसायाच्या शिक्षणाकडे वळेल, किंवा हावोला, जिथून पुढे पदवीचं शिक्षण घेता येतं. वैदेहीला व्हीएमबीओ मिळालं. तिचं गणित उत्तम होतं, डच वाचन थोडं मागे. शिक्षिका मृणालिनीला म्हणाली होती, "घरी डच बोलत नाहीत, त्यामुळे होतं असं. पण एप्रिलच्या परीक्षेत तिने चांगलं केलं तर शिफारस वर नेता येते, आणि मला वाटतं ती करेल." वैदेही त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसायला लागली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मृणालिनीच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि ती सोलापूरला गेली. तीन आठवड्यांत परत यायचं होतं. ती गेल्यावर आठ-दहा दिवसांत इथल्या शाळा बंद झाल्या, रेस्टॉरंटं बंद झाली, आणि पुढच्या आठवड्यात भारतातून निघणारी विमानंही. एप्रिलची परीक्षा रद्द झाल्याचं वैदेहीने मोबाइलवर वाचलं. दोन दिवस ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही.

गुरुनाथ आठवड्यातले चार दिवस पार्सलचा स्वयंपाक करायला जात होता. उरलेल्या वेळात घरात तो, मुलगी आणि पत्रं. त्या दिवसांत पत्रं फार यायची. हात धुवा, दीड मीटर अंतर ठेवा, दवाखान्यात येण्याआधी फोन करा. गुरुनाथ ती उघडायचा, वरची खूण ओळखायचा आणि मायक्रोवेव्हवर ठेवून द्यायचा. एप्रिलच्या सुरुवातीला शाळेने गृहपाठाचा गठ्ठा दिला, त्यात पालकांच्या नावाने एक बंद पाकीट होतं. वैदेहीने ते बाबाच्या हातात दिलं. त्याने उघडलं. त्याला त्यात सतरा हा आकडा दिसला आणि वाटलं, शाळा सतराला उघडणार असेल.

मृणालिनीला फोटो पाठवावा असं त्याच्या मनात आलं होतं. पण त्याच आठवड्यात तिची आई गेली. घरातली चारच माणसं घेऊन अंत्यसंस्कार झाले. ती फोनवर धड बोलूही शकत नव्हती. "वैदूच्या शाळेचं काय?" एवढं तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "सगळं ठीक आहे. तू काळजी करू नको."

दुसऱ्या दिवशी त्याने माझी बेल वाजवली आणि जिन्यापर्यंत मागे सरकून उभा राहिला.

"ताई, शाळेचं पत्र आलंय. तेवढं बघता का?"

माझ्या कानात हेडफोन होते, मीटिंग चालू होती. मी म्हटलं, "गुरुनाथभाऊ, फोटो काढून पाठवा ना. बघून सांगते."

त्याने फोटो पाठवला. मी त्याच संध्याकाळी तो वाचला, एवढं मला स्वतःच्या बाजूने सांगता येतं. पत्रात लिहिलं होतं की यंदा परीक्षा नाही, म्हणून फेब्रुवारीची शिफारस कायम राहील. कोणा पालकांना फेरविचार हवा असेल तर त्यांनी सतरा एप्रिलपर्यंत लेखी कळवावं. मी नीट मराठीत सात-आठ ओळी टाइप केल्या. काय आहे, का महत्त्वाचं आहे, काय लिहायचं. शेवटी लिहिलं, "१७च्या आत पाठवा, मदत लागली तर सांगा." थोड्या वेळाने त्याच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मला वाटलं, झालं काम. मी माझ्या कामाला लागले.

त्याला त्या मेसेजमध्ये पुन्हा तो सतराच दिसला होता. त्याने मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, आपलं बरोबर आहे. महत्त्वाचं असतं तर ताईंनी फोन केला असता."

मे महिन्यात शाळा अर्ध्या उघडल्या, जूनमध्ये पूर्ण. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात वैदेही, हातात बाबाचा फोन, डोळे सुजलेले. ती डचमध्ये भराभर बोलायला लागली. तिच्या वर्गातल्या नूरला हावो मिळालं होतं. नूरच्या आईने शाळेला पत्र लिहिलं होतं. वर्गातल्या आणखी दोघांच्या घरूनही पत्रं गेली होती. वैदेहीने घरी येऊन मायक्रोवेव्हवरचा ढीग उपसला आणि ते पत्र शोधून काढलं.

"बाबा म्हणतो त्याने तुला पाठवलं होतं. तू त्याला का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "बघ, फोनमध्ये असेल."

तिने मेसेज शोधला आणि फोन माझ्यापुढे धरला. "हे मला वाचता येत नाही. काय आहे यात?"

मी वाचून दाखवलं. माझेच शब्द, एकेक वाक्य. गुरुनाथ जिन्यात चार पायऱ्या खाली उभा होता. वाचून झाल्यावर वैदेही मागे वळली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"बाबा, हे तर मराठीत आहे."

तो कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाचायला येत नाही, वैदू. मराठी पण नाही."

तिला आधी कळलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी भाषांतर करून सांगणार होते. मग ती त्याच्या बाजूने खाली गेली आणि दाराचा आवाज आला. गुरुनाथ पायरीवर बसला. मी माझ्या उंबऱ्यात. अंतर पाळायचं म्हणून की काय सुचेना म्हणून, मी पुढे गेले नाही.

"मी लिहायला नको होतं," मी म्हटलं. "फोन करायला हवा होता."

"तुम्हाला काय माहीत, ताई," तो म्हणाला. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिन्यातूनच शाळेला फोन केला, स्पीकरवर. फोन लावण्याआधी मी त्याला विचारलं, "तुमचं सांगू का त्यांना?" तो म्हणाला, "सांगा. आता काय राहिलंय लपवायला." मी सांगितलं. शिक्षिका म्हणाली, "मला हे ठाऊक असतं तर मी स्वतः फोन केला असता." तिने मुख्याध्यापकांशी बोलून दोन दिवसांनी कळवलं. फेरविचाराची मुदत संपली होती, जवळच्या हावोच्या जागा भरल्या होत्या. पहिल्या वर्षी गुण चांगले पडले तर वर जाता येईल, असं ती म्हणाली. तिने दोनदा माफी मागितली. शिफारस बदलली नाही.

मृणालिनी जुलैच्या शेवटी खास विमानाने परत आली. आईला अग्नी देऊन, चार महिने भावाच्या घरी अडकून, आणि आता हे. ती विलगीकरणाचे दिवस संपल्यावर वर आली, बसली नाही.

"तेरा वर्षं मी सांभाळलं होतं," ती म्हणाली. "कोणाला कळू दिलं नाही. मला वाटायचं, मी त्यांची अब्रू राखतेय. शाळेला एकदा सांगून ठेवलं असतं तर?"



वैदेहीने बाबाशी भांडण केलं नाही. ती नुसती कमी बोलायला लागली, आणि जे बोलायची ते डचमध्ये. तिच्या नव्या शाळेची पत्रं आता ती स्वतःच उघडायची, वाचायची आणि आईला सांगायची. एकदा गुरुनाथने पाकीट हातात घेतलं, तर तिने ते अलगद काढून घेतलं. रागाने नव्हे, गरम तवा लहान मुलापासून दूर करावा तसं. हे मला त्यानेच सांगितलं.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. मी त्याला म्हटलं, मी तुम्हाला अक्षरं शिकवते. त्याने नकारार्थी मान हलवली. "मराठी शिकून काय करू, ताई? मला इथं मराठीत पत्र तुम्हीच एकट्यांनी धाडलं. मला डच शिकायचंय. तिच्या शाळेची पत्रं." माझं डच बोलण्यापुरतं आणि ऑफिसपुरतं, शिकवण्याइतकं नाही. लायब्ररीतले वर्ग बंद होते. प्रौढांना वाचायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग सापडला; त्यात शिरायलाच ईमेल, पासवर्ड आणि तीन पानं सूचना वाचाव्या लागत. तीन संध्याकाळी मृणालिनीने त्याला शेजारी बसवून प्रयत्न केला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी आहे हे," आणि उठून भांडी घासायला गेला.

वैदेहीचं पहिलं वर्ष निम्मं लॅपटॉपवर गेलं. गणितात ती वर्गात पहिली होती. जूनमध्ये हावोत बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा शाळा म्हणाली की यंदा परीक्षाच इतक्या कमी झाल्या की तेवढ्यावर ठरवता येत नाही, पुढच्या वर्षी पाहू. वैदेही आईला म्हणाली, "मला नाहीच जायचं आता. इथे माझ्या मैत्रिणी आहेत." मृणालिनीला अजून कळत नाही की ते खरं होतं की तिने आधीच स्वतःला समजावून टाकलं होतं.

त्याच महिन्यात लायब्ररीतले वर्ग पुन्हा सुरू झाले. गुरुनाथने पहिल्याच आठवड्यात नाव घातलं. परत आला तो थेट माझ्याकडे.

"ताई, सहा जण आहोत. त्यातला एक इथलाच. डच. साठीचा, आयुष्यभर बागा राखल्या त्याने. इथंच शाळेत गेला, आणि त्यालाही येत नाही." तो बराच वेळ तेच सांगत होता. "तो म्हणाला, बायकोलासुद्धा दहा वर्षं सांगितलं नव्हतं." मी त्याला चहा दिला. इतकी वर्षं शेजारी राहून तो माझ्या घरात पहिल्यांदाच बसला होता.

ऑक्टोबरमध्ये वैदेहीच्या शाळेत पालकसभा होती. मृणालिनीला ताप होता, म्हणून गुरुनाथ एकटा गेला, वैदेहीबरोबर. तिथे काय झालं ते वैदेहीने आईला सांगितलं आणि आईने मला. वर्गशिक्षक म्हणाले, सगळी माहिती पत्राने येईल. तेव्हा गुरुनाथ डचमध्ये म्हणाला, "मला नीट वाचता येत नाही. मी शिकतोय. तोवर महत्त्वाचं असेल तर फोन करा." शेजारच्या टेबलांवर दुसरे पालक होते, वैदेहीच्या वर्गातली मुलंही होती.

त्याचं एक क्रियापद चुकलं होतं. वैदेहीने खाली बघत हळूच ते दुरुस्त केलं. त्याने दुरुस्त करून वाक्य पुन्हा म्हटलं, आणि वर्गशिक्षकांनी त्याचा नंबर लिहून घेतला.

घरी येताना ती सायकलवर त्याच्या पुढे निघून गेली. पण कोपऱ्यावर थांबली होती, असं गुरुनाथ म्हणाला.