कौसाचं नाव घेणारा कंडक्टर

कंडक्टरकाकांच्या मुलीचा, वनिताचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर पोरांना खिचडी वाढत होते. मधली सुट्टी, ताटांचा खणखणाट, त्यात तिचा आवाज नीट ऐकू येईना. "बाई, दादा गेले," ती दोनदा म्हणाली. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि पेपर मांडीवर तसाच ठेवून खुर्चीतच गेले. कुणाला हाक नाही, काही नाही. सगळी नोकरी एसटीत उभ्याने केलेला माणूस बसल्या जागी गेला... मी डाव दुसऱ्या बाईंच्या हातात दिला आणि थेट घर गाठलं. माय ओसरीवर सुपात तूर निवडत होती. ऐंशीच्या पुढची आहे, पण खडा तिच्या बोटातून सुटत नाही. मी सांगितलं, "माय, कंडक्टरकाका गेले." तिचा हात थांबला. सूप बाजूला सारून ती म्हणाली, "मंग आता आक्काचं नाव कोन घ्यायचं?"

मला तिचा राग आला. माणूस गेलाय, अजून त्याला उचललं नाही, आणि हिला आपलंच पडलंय, असं वाटलं. रागाचं खरं कारण वेगळं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मला नको होतं.

किसनराव ढवळे आमच्या पालमचे. एसटीत कंडक्टर होते, म्हणून सगळं गाव त्यांना कंडक्टरच म्हणायचं. लहानमोठे त्याला काका जोडायचे. निवृत्त झाल्यावर माणसं शेतीकडे बघतात, नाहीतर पारावर बसून दुसऱ्याच्या शेतीकडे बघतात. काकांनी भुतं दाखवायला सुरुवात केली. दिवाळी झाली की होळीपर्यंत दर रविवारी, अकरा वाजता स्टँडवरून पायी निघायचं, गावातल्या जुन्या जागा बघायच्या आणि त्या त्या जागेचं भूत ऐकायचं. पहिल्या रविवारी दोघंच आले होते, त्यातला एक त्यांचा जावई. पुढे पिंगळीहून, गंगाखेडहून, एकदा तर नांदेडहून मोटार करून माणसं आली. "दिवसाढवळ्या कसलं भूत दाखवता?" असं कुणी विचारलं की काका डोळे बारीक करून म्हणायचे, "भुताचे टाइम दोन. रातचे बारा आन् दुपारचे बारा. रातच्या गाडीला पॅसेंजर मिळत न्हाई, म्हनून आपली दुपारची."

नोकरीतलं सामान निवृत्तीला जमा करावं लागतं. काकांना बॅगेशिवाय करमेना. त्यांनी परभणीहून तशीच चामड्याची बॅग शिवून आणली आणि जुन्या बाजारातून तिकिटाला भोकं पाडायचा चिमटा मिळवला. प्रत्येकाला एक कागदी तिकीट फाडून द्यायचे, त्याला टिक् करून भोक पाडायचे. पैसे घेत नसत. पुढच्या थांब्याकडे निघायचं झालं की चिमटा बॅगेच्या कडीवर दोनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "डबल!" की सगळे चालायला लागायचे. शाळेतली पोरं जेवढी माझं ऐकत नाहीत तेवढी मोठी माणसं त्या चिमट्याचं ऐकायची.

त्यांचा एक नियम होता. ज्याचं नाव-गाव माहीत नाही असं भूत दाखवायचं नाही. जुन्या करोडगिरी नाक्यावर निजामाच्या राजवटीतला एक मुन्शी होता. जकात वसूल करता करता तो तिथंच वारला आणि अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला "क्या है गठरी में?" असं विचारतो, असं सांगायचे. त्या मुन्शीचं नाव, त्याच्या बापाचं नाव, तो कुठल्या गल्लीत राहायचा, सगळं त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून काढलेलं. मग फेरीतल्या बायकांना म्हणायचे, "उत्तर द्या त्याला. न्हाई तर बिचारा सोडत न्हाई." आणि बायका खरंच पिशव्या उघडून सांगायच्या, शेंगा हायत, मेथी हाय. भूत म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या कंडक्टरचीच होती. "ज्याचा स्टॉप हुकला, तो पॅसेंजर. कुनी तरी इचारलं पायजे त्याला, बाबा, तुला उतरायचं कुठं होतं?"

मला हे सगळं पटत नव्हतं. मी अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई. आमच्या घराण्याने छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर अंगात येणं, उतारे, भगत, सगळं घराबाहेर टाकलं, आणि हा माणूस तेच सगळं तिकीट फाडून विकत होता. विकत नव्हता म्हणा, फुकटच वाटत होता. मला तेही जास्तच वाटायचं. मी त्यांना तोंडावर म्हणाले होते, "काका, इतिहास सांगा, भुतं कशाला?" त्यावर ते हसले, "बाई, इतिहास मनलं की मानसं जांभया द्यायलेत. भूत मनलं की पुढं सरकायलेत. मी फक्त पुढं सरकवायलोय."

त्यांच्या फेरीचा शेवटचा थांबा गावाबाहेरची जुनी बारव. बरोबर बाराच्या ठोक्याला तिथं पोचायचे. आमची वस्ती बारवेपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे थंडीत उन्हाला बसलेल्या मायला त्यांचं सगळं बोलणं ऐकू यायचं. मला वाटायचं, तिचे कान गेलेत. तिसऱ्या का चौथ्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी ओसरीवर वह्या तपासत होते. काका सांगत होते, "या बारवेत एक हडळ हाय. तिचं नाव कुनाला ठाऊक न्हाई. भर दुपारी पानी शेंदायला येती. गप ऱ्हा, बांगड्या वाजायल्या..." आणि खरंच बांगड्या वाजल्या. लोक किंचाळले, हसले. काकांनी बॅगेत डझनभर काचेच्या बांगड्या ठेवलेल्या असायच्या, गोष्ट रंगात आली की पाठीमागे हात नेऊन हळूच किणकिणवायच्या. आपला नियम त्यांनी तेवढ्या एका जागी मोडला होता. तिचं नाव मिळालं नाही म्हणून त्यांनी तिला बांगड्या दिल्या होत्या.

मी वर बघितलं तर माय जागेवर नव्हती. काठी टेकत ती बारवेकडे निघाली होती. मी चप्पल न घालता तिच्या मागे धावले. भांडण होणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण माय भांडली नाही. ती गर्दीतून वाट काढत बारवेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "कंडक्टर, ती हडळ न्हाई. माझी आक्का हाय. कौसा नाव तिचं. आन् बांगड्या कशाच्या वाजवायलाव? तिच्या हातात एक बांगडी नव्हती. लय हौस होती तिला, पर कुठली आनायची?"

माय बोलत राहिली. ते मी त्या दिवशी, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा ऐकलं. माझ्या स्वतःच्या आईकडून... तेव्हा माय सात-आठ वर्षांची, कौसा पंधरा-सोळाची. उन्हाळ्यात ओढ्यातलं झिरपणं आटलं की आमच्या माणसांना पाणी नसे, आणि बारवेला शिवायची सोय नव्हती. गाव जेवून आडवं व्हायचं ती भर दुपारची वेळ तेवढी मोकळी. कौसा घागर घेऊन खाली उतरायची आणि माय वरच्या पायरीवर राखणीला बसायची. कुणी येताना दिसलं की खोकायचं, असं दोघींचं ठरलेलं. त्या दिवशी बांधावरून एक माणूस येताना दिसला. माय खोकली. कौसा घाईने वळली आणि शेवाळावरून तिचा पाय गेला. ती वर आलीच नाही. "त्यो मानूस सरळ निघून गेला. त्याचं हिकडं ध्यानबी नव्हतं," माय म्हणाली. "मी उगं खोकले." मग गावानेच उठवलं की दुपारी बारवेत हडळ येते. त्यानंतर आमच्यातलं कुणी दुपारीसुद्धा तिथं गेलं नाही.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. खोटं तिकीट दिलेलं तपासनिसाने पकडावं तसा उतरलेला. ते मायच्या शेजारी पायरीवर बसले. "मावशी, चुकलं माझं. पुढच्या रविवारपासून हा स्टॉप बंद." मायने मान हलवली. "बंद करू नगा. बंद तर ती हायेच इतक्या वर्सांची. तिचं नाव घ्या."

आणि काकांनी घेतलं. पुढच्या रविवारपासून बारवेची गोष्ट बदलली. त्यात किंचाळायला काही उरलं नाही. कौसा कोण होती, तिला दुपारीच का यावं लागायचं, बाकीच्या वेळी पाणी कुणाचं होतं, हे सगळं ते सरळ सांगायचे. मग म्हणायचे, "आता समद्यांनी जोरात नाव घ्या. बारव ओ देती." पंधरावीस माणसं वाकून "कौसा" म्हणायची आणि खोल बारवेतून ते नाव परत वर यायचं. काहींना हे रुचलं नाही. गर्दी रोडावली. गावातले दोघंतिघं जाणते त्यांच्या घरी जाऊन आले, भूत सांगा पण असल्या गोष्टी कशाला उकरता, गावाचं नाव खराब व्हायलंय, म्हणाले. काका म्हणाले, "गावाचं नाव हाय की स्टँडवर, ह्या एवढ्या अक्षरात. हिचं कुठं हाय?" एका रविवारी एकही माणूस आला नाही. तरी ते एकटे बारवेपर्यंत आले, नाव घेतलं, चिमटा दोनदा वाजवला आणि मग आमच्याकडे चहाला आले. चहा दर रविवारी ठरलेलाच झाला होता. माय आणि ते फारसं बोलत नसत. बशीत चहा ओतून दोघं फुर्र फुर्र पीत बसायचे.

त्यांच्या सांगण्यातली एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ते सगळं सांगायचे, पण खोकल्याचं कधीच नाही. "पाय घसरला," एवढंच. वर राखणीला बसलेली लहान पोर त्यांच्या गोष्टीत नव्हतीच. माय ओसरीवरून ऐकायची आणि तिथं आलं की डोळे मिटून घ्यायची. इतका बोलघेवडा माणूस, पण तेवढी एक गोष्ट त्याने पोटात ठेवली. आज मी ती इथं लिहिते आहे ती मायला विचारून. ती म्हणाली, "लिही. त्यानं लय दिस झाकलं."

मला ते दर हिवाळ्यात म्हणायचे, "बाई, गोष्ट तुमच्या घरची. माझ्या तोंडी किती दिस? एक डाव तुमी सांगा." मी हसून टाळायचे. शाळा आहे, पेपर आहेत, मला नाही जमत. खरं तर मला भीती वाटायची. भुताची नव्हे. गावासमोर उभं राहून, ही पाण्यासाठी मेलेली पोर माझी मावशी, असं म्हणायची. वर्गात इतिहास शिकवणारी मी, घरचा इतिहास दुसऱ्याकडून सांगवून घेत होते. गेल्या होळीच्या आधीच्या रविवारी चहा पिऊन निघताना त्यांनी बॅग ओसरीवर ठेवली आणि मला म्हणाले, "उचलून तर बगा, जड न्हाई." मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, काका." पुढचं वर्ष आलं आणि ते आले नाहीत... हे मला फार लागलंय. लागणारच.

दिवसकार्य झाल्यावर वनिता बॅग घेऊन आमच्याकडे आली. "दादा मनायचे, ही बाईंची हाय," एवढंच म्हणाली. आत कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा, चिमटा, आणि तळाशी पेपरात गुंडाळलेल्या त्या बांगड्या. त्या दिवसानंतर त्यांनी एकदाही वाजवल्या नव्हत्या, पण टाकल्याही नव्हत्या. हिरव्या, बारीक, बाराच्या बारा शाबूत. मायने त्या मांडीवर घेतल्या, एकेक करून मोजल्यासारख्या बोटांवरून फिरवल्या आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवल्या.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी बॅग गळ्यात अडकवून स्टँडवर उभी राहिले. अकरा माणसं आली. नाक्यावर मुन्शीला मेथी सांगून झाली. बारवेशी पोचलो तेव्हा बारा वाजत होते आणि माय आधीच तिथं, वरच्या पायरीवर बसलेली. मी सांगायला लागले. पाय घसरला, इथपर्यंत आले आणि पाठ केलेलं सगळं गेलं. लोक वाट बघत होते. तेव्हा मागून बांगड्या वाजल्या... सगळे दचकून वळले. मायने पदर सारखा करायला हात वर केला होता. दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या होत्या. हात वाळलेत तिचे, त्यामुळे त्या सैल होऊन मनगटापासून कोपरापर्यंत घसरत होत्या.

ती म्हणाली, "वर मी बसले होते. मी खोकले. सांग पुढं."

मी सांगितलं. मग आम्ही सगळ्यांनी वाकून नाव घेतलं आणि बारवेने ओ दिली. कुणालाच तिथून पाय काढवेना. माय माझ्याकडे बघत होती, पण मला पुढचं सुचेना. शेवटी तिनेच बोटाने बॅगेकडे खूण केली. मी चिमटा काढला आणि कडीवर दोनदा वाजवला.