दाढ गेली, मिश्रीही गेली

राहात्याच्या दवाखान्यात माझी अक्कलदाढ काढली, तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि त्यातली वीस वर्षं मिश्री लावत आले होते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना घासायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनीच, म्हणजे आमच्या आत्यांनी, पहिली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली होती. पुढे तर बोट तोंडात गेल्याशिवाय कामाला हात लागेना.

दाढ आडवी उगवली होती. डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी हिरडी चिरून, दाढेचे तुकडे करून ती काढली, टाके घातले आणि कापसाचा बोळा दाबून धरायला लावला. मग एकेक गोष्ट बजावली. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. मऊ आणि गार खायचं. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी. "आणि मिश्री बंद. जखम भरेपर्यंत तर बोटसुद्धा लावायचं नाही."

माझे मालक शेजारीच उभे होते. ते हसले. "म्याडम, ही जेवनाबिगर ऱ्हाईल, पन मिश्रीबिगर दोन दिस काढायची न्हाई."

तोंडातल्या बोळ्यामुळे बोलता येत नव्हतं, पण त्यांच्या खिशातून डोकावणारी तंबाखूची पुडी मला दिसत होती. तिथल्या तिथे ठरवलं, आता जीव गेला तरी लावायची नाही.

घरी येईपर्यंत गाल टम्म फुगला. फडक्यात बर्फ गुंडाळून मी शेकत बसले, तर आत्या मिश्रीची डबी घेऊन आल्या.

"चिमूटभर दाब तिथं. ठनका पळून जाईल. आमी कवा गेल्तो दवाखान्यात?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"दाढंसंगं सासूबी काढून टाकली म्हन की!" असं म्हणून त्या डबी माझ्या उशाशी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून खरी परीक्षा सुरू झाली. ताकभात गिळता येत होता, सूजही सोसत होती, पण मिश्रीची वेळ झाली की हात उशाशी डबीकडे जायचा. डोकं जड व्हायचं, उगाच कुणावर तरी ओरडावंसं वाटायचं. तोंडाला काहीतरी चाळा हवा म्हणून मी मिठाचं पाणी घ्यायचे, खळाखळा चूळ भरायचे आणि अंगणात लांब थुंकायचे. दिवसातून कितीदा, त्याची गणतीच नव्हती. मला वाटायचं, जेवढं जास्त तेवढं चांगलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठणका सुरू झाला, तो थेट कानात. गोळी घेतली तरी थांबेना. तोंडाला घाण वास येऊ लागला.

"बघ, ऐकलं अस्तं तर ही येळ आली नस्ती," आत्या म्हणाल्या. मालक म्हणाले, "लाव बाई एकदाची. कोन बगाया येतंय?"

डबी मी उघडली. खोटं कशाला सांगू? वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. बोट मिश्रीला टेकलंसुद्धा. मग झाकण घट्ट लावलं, साडी बदलली आणि कुणालाही न विचारता एकटीच रिक्षात बसून राहात्याला गेले.

डॉक्टरबाईंनी आरशाने पाहिलं. "जखमेवरची रक्ताची गाठ निघून गेलीय. आतलं हाड उघडं पडलंय. मिश्री लावली?"

"नाही."

"खरं सांगा."

"बाई, मी तोंडाला लावली असेल तर हीसुद्धा दाढ काढा," म्हणून मी दुसरीकडचा गाल पुढे केला.

त्या हसल्या. मग त्यांनी मला चूळ कशी भरते ते विचारलं. दाखवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. पाणी नुसतं तोंडात धरायचं, मान हळूच या बाजूला त्या बाजूला करायची आणि ओठ उघडून ते आपोआप पडू द्यायचं. माझ्याच खळखळण्याने आणि थुंकण्याने गाठ निसटली असणार. त्यांनी खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं औषध लावलेली पट्टी आत भरली. अर्ध्या तासात मला माणसात आल्यासारखं वाटलं.

घरी मालक दारातच भेटले. "काय म्हनली म्याडम? मिश्री न लावल्यानंच झालं ना?"

"चूळ चुकली माझी. आणि मिश्री मी आता कधीच लावणार नाही. तुमच्या खिशातली पुडी कधी निघतीय ते सांगा."

पुडी तेव्हा निघाली नाही, अजूनही निघालेली नाही.

दोनदा पट्टी बदलावी लागली, मग टाके निघाले. खड्डा भरायला मात्र काही महिने गेले. भाताची शितं त्यात अडकायची, ती मी चूळ न खळखळवता, सावकाश काढायला शिकले. आत्या अजून लावतात आणि मला घमेंडखोर म्हणतात. म्हणू देत. परवा त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, मिश्री दाबतात तिथेच. मी दवाखान्याचं नाव काढताच त्या उठून गेल्या. सोमवारी त्यांना घेऊन जाणार आहे. चिडल्या तरी, रुसल्या तरी.