लासुर्ण्याच्या उसात पडलेली पेटी
जळत्या पाचटाचा वास आला की लासुर्ण्यातली ती दुपार आठवते. अवकाशातून येणारे विश्वकिरण टिपण्यासाठी आम्ही संशोधकांनी फुग्याला बांधून सोडलेली लाकडी पेटी उसात पडली होती. मी धावत पोचले, तर आत काय आहे ते बघायला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कुऱ्हाड उगारलेली. मी पेटीवर आडवी पडले. "आबा, थांबा! आत आभाळातले किरण टिपणाऱ्या फोटोच्या काचा आहेत, ऊन लागलं तर सगळं गेलं!" कुऱ्हाड तशीच वर. "ऊन चालत न्हाय, आन् किरणं चालत्यात व्हय?" "ते पृथ्वीचं चुंबकत्व भेदून येतात, आबा. त्यांना लाकूड काय अडवणार?" आबांनी आभाळाकडं बघितलं, मग कुऱ्हाड खाली ठेवून त्यांनी पेटीवर आपलं घोंगडं पांघरलं. आता गुरू ग्रहाच्या, पृथ्वीपेक्षा कितीतरी प्रबळ चुंबकी कवचातूनही काही किरण आत शिरतात असं वाचते, तेव्हा वाटतं, यावर आबांनी काय विचारलं असतं?