कोरडी काख

आमच्या हिरा सिस्टरला गोड बोलता येत नाही. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढली, तिथल्या भोंग्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली असेल, असं मी तिला चिडवते. पण कॅज्युअल्टीत आम्ही दोघी नर्स इतकी वर्षं एकत्र आहोत, आणि माझं माणूस आजारी पडलं तर उशाशी मला तीच हवी.

परवा मांजरी गावाहून दत्तोबा नावाच्या शेतकऱ्यांना आणलं. उसावर किडीचं औषध फवारताना वारं फिरलं आणि सगळं नाकातोंडात गेलं. तोंडाला फेस, छातीत घरघर, अंग घामानं चिंब. डॉक्टरांनी ॲट्रोपिनची इंजेक्शनं सुरू केली. छाती मोकळी झाली. पण दुपारपर्यंत दत्तोबा लालबुंद होऊन हवेतला ऊस तोडायला लागले आणि मधूनमधून सासऱ्यांचा उद्धार करायला लागले.

त्यांची बायको विजयमाला घाबरली. "तुमच्या सुईनं येड लागलंय ह्यांना! बंद करा, न्हाईतर मी घरी नेते. आमच्याकडं देवऋषी हाय."

त्या अवस्थेत नेलं असतं तर वाटेतच संपले असते. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर हिरानं बाईंचा हात धरून सरळ दत्तोबांच्या काखेत घातला.

"काय लागतंय हाताला?"

"कोरडं हाय."

"आणलं तेव्हा इथून पाणी गळत होतं. तसंच पाणी छातीत भरत होतं, त्यात माणूस बुडतो. आमचं औषध ते सुकवतं, आणि त्यानंच असं बरळायला होतं. वेड नाही हे, उतरेल. काख ओली लागली की मला हाक मारायची. शांत झाले म्हणून खूश व्हायचं नाही, औषध कमी पडलं की पाणी परत भरतं. कळलं?"

बाई काखेतला हात न काढता स्टुलावर बसली.

बरळणं फारच वाढलं म्हणून डॉक्टरांनी औषध जरा कमी केलं. संध्याकाळी दत्तोबा गप्प झाले. मला हायसं वाटलं, शेजारच्या पेशंटला तर जास्तच. तेवढ्यात विजयमाला ओरडली, "सिस्टर, काख वली लागतीया!"

हिरानं छातीला स्टेथोस्कोप लावला. घरघर परतली होती. डॉक्टर धावत आले, औषध पुन्हा वाढवलं. आम्ही चौघंही त्या छातीकडे बघत उभे होतो, आणि मी मनातून खरंच घाबरले होते. हळूहळू श्वास सुधारला. मग दत्तोबांनी डोळे उघडले आणि सासऱ्यांना आधीपेक्षा कडक शिवी हासडली.

विजयमाला तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागली. "द्या," म्हणाली, "माझ्या बापाला आणखी शिव्या द्या."